रुमानियन शिकताना मराठी कामी येते

परदेशी भाषा म्हटली, की पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर जर्मन, फ्रेंच किंवा जपानी उभी राहते. मॅक्समुल्लर भवन, आलियाँस फ्रान्सेज आणि रानडे इन्स्टिट्यूटमधील परदेशी भाषा विभाग यांनी या शहराला ही सवय लावली. त्या यादीत रुमानियनचे नाव सहसा नसते. तथापि, गेल्या काही वर्षांत या भाषेशी मराठी माणसाचा संबंध अनपेक्षितपणे आला आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा चेर्नित्सी व आसपासच्या शहरांतून वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी सिरेतच्या सीमेवरून रुमानियात उतरले. 'ऑपरेशन गंगा'चे पहिले विमान बुखारेस्टहून निघून २६ फेब्रुवारीला मुंबईत पोचले. त्यानंतरची काही वर्षे रुमानियाने परदेशी कामगारांसाठी दरवर्षी एक लाख परवान्यांची मर्यादा ठेवली होती आणि बांधकाम, हॉटेल, कारखाने अशा ठिकाणी भारतीय मजूर दिसू लागले. वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी बुखारेस्ट, क्लुझ, याश आणि तिमिश्वारा येथील विद्यापीठांची चौकशीही होत असते.

वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याची अडचण विशेष आहे. भारतात परत येऊन व्यवसाय करायचा, तर २०२१ च्या नियमावलीनुसार त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच झालेले असावे लागते. म्हणून तो इंग्रजी अभ्यासक्रम निवडतो. पण वॉर्डातल्या खाटेवरील रुग्ण इंग्रजी माध्यमाचा नसतो. खेड्यातून आलेली आजी तिच्या पोटात नेमके काय होते आहे, हे रुमानियनमध्येच सांगणार. तिथे पाठ्यपुस्तकाचे इंग्रजी संपते.

या भाषेची बहुतेक पुस्तके इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली असल्याने मराठी विद्यार्थीही इंग्रजीच्या वाटेने तिच्याकडे जातो आणि ती अवघड मानू लागतो. वस्तुतः इंग्रजी विद्यार्थ्याला ज्या गोष्टी विचित्र वाटतात, त्यांतील कितीतरी मराठी माणूस रोज करीत असतो.

चाकातला च आणि चहातला च

रुमानियन ही लॅटिनची मुलगी. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या तिच्या बहिणी. इसवी सन १०६ मध्ये सम्राट ट्रेजनने डेसिया जिंकला, त्यानंतर तिथे रुजलेल्या लॅटिनमधून ती वाढली. पुढे स्लाव्ह शेजाऱ्यांचा तिच्यावर खोल परिणाम झाला. तिचा सर्वांत जुना उपलब्ध दिनांकित लेख म्हणजे १५२१ मधील एक पत्र, आणि ते सिरिलिक लिपीत आहे. रोमन लिपी तिने १८६० च्या सुमारास अधिकृतपणे स्वीकारली. मोडी मागे पडून बाळबोध रूढ झाली, तशातलाच हा प्रकार. लिपी उशिरा ठरल्याचा फायदा असा, की लेखन बरेचसे उच्चारानुसारी आहे. इंग्रजीसारखे स्पेलिंग पाठ करण्याचे संकट येथे नाही.

वर्णमालेत ३१ अक्षरे आहेत. त्यांतील पाच अक्षरांना खुणा जोडलेल्या असतात. 'ए'वर अर्धचंद्र असेल, तर उच्चार सरळ मराठी 'अ'. युरोपीय विद्यार्थ्याला हा स्वर शब्दाच्या शेवटी स्पष्ट उच्चारताना घाम फुटतो; मराठी मुलाला तो पाटीवरचा पहिला स्वर. 'टी'खाली स्वल्पविरामासारखी शेपटी असेल, तर तो 'चाक', 'चूल', 'चोर' यांतला च. आणि नुसत्या 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला, तर तो 'चहा', 'चिमणी' यांतला च. हिंदी भाषकाकडे पहिला च नाही, इंग्रजी भाषक तो शब्दाच्या आरंभी उच्चारताना अडखळतो. मराठीत मात्र दोन्ही च शेजारी शेजारी नांदतात. या लेखात पहिल्यासाठी 'त्स' लिहिले आहे, एवढे ध्यानात ठेवावे. 'एस'खाली शेपटी असेल, तर तो 'श'. 'झेड'साठी पुढे 'झ' वापरला आहे.

उरली ती 'ए' किंवा 'आय'वर टोपी असलेली दोन अक्षरे. दोन्हींचा उच्चार एकच आणि तो मराठीत नाही. 'ई' म्हणता म्हणता ओठ न हलवता जीभ मागे ओढली, की जवळपास पोचता येते. पुढे तो 'इ'ने दाखवला आहे. शब्दाच्या मध्ये बहुधा टोपीवाला 'ए' आणि आरंभी-शेवटी टोपीवाला 'आय', ही व्यवस्था रुमानियन अकादमीने १९९३ मध्ये लावली. ती सर्वांना पटलेली नाही. शुद्धलेखनाचे वाद काही आपल्याकडेच होतात असे नाही.

एक सवय मात्र मोडावी लागते. रोमन अक्षरे दिसली, की आपली जीभ इंग्रजी वळण घेते आणि 'टी'चा 'ट' करते. रुमानियनमध्ये ट आणि ड नाहीत. तिथे त आणि द आहेत. 'शिक्षक' या अर्थाचा शब्द 'प्रोफेसोर', 'विद्यार्थी' म्हणजे 'स्तुदेन्त'. शब्दाच्या शेवटी येणारा 'इ' बऱ्याचदा कुजबुजल्यासारखा, जेमतेम ऐकू येतो. 'पैसे' म्हणजे 'बान्', त्यातला शेवटचा इ कानाने शोधावा लागतो.

खुणांचा कंटाळा करू नये. मोबाइलवर संदेश धाडताना रुमानियन माणसेही त्या गाळतात. पण त्यांना शब्द आधीच ठाऊक असतो. 'पातुर्' म्हणजे खाटा आणि 'पतुर्' म्हणजे पांघरुणे. अर्धचंद्र गेला, तर रुग्णालयाच्या यादीत दोन्ही सारखेच दिसतील.

मला भूक, मला थंडी, मला आवड

व्याकरणात शिरताना पहिला धडा बहुधा 'असणे' या क्रियापदाचा असतो. सुन्त (आहे), येश्त (आहेस), येस्ते (आहे), सुन्तेम (आहोत), सुन्तेत्स् (आहात), सुन्त (आहेत). 'येस्ते' म्हणजे संस्कृतातील 'अस्ति'चा दूरचा भाऊबंद. 'मी पुण्याचा' हे सांगायला 'सुन्त दिन पुणे' एवढे पुरते. 'मी'साठी वेगळा शब्द घालण्याची गरज नाही, कारण मराठीतल्या 'जातोस', 'जाता' याप्रमाणे क्रियापदाच्या शेवटावरूनच कोण बोलतो ते कळते. उलट, आपण 'जातो' आणि 'जाते' असा स्त्री-पुरुष भेद करतो, तो रुमानियन क्रियापद करीत नाही. मात्र विशेषण करते. दमलेला पुरुष 'सुन्त ओबोसित' म्हणेल, दमलेली स्त्री 'सुन्त ओबोसितअ'.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी माणूस चहा 'आवडवून घेतो'; वाक्यात कर्ता तोच असतो. मराठीत चहा आवडतो, आणि तो मला आवडतो. रुमानियनमध्ये अगदी हेच. 'इम् प्लाचे चायुल'. 'इम्' म्हणजे मला, 'प्लाचे' म्हणजे आवडतो, 'चायुल' म्हणजे तो चहा. वस्तू अनेक झाल्या, की क्रियापद त्यांच्यामागे जाते. सफरचंदे आवडत असतील, तर 'इम् प्लाक मेरेले'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या रचनेवर एक अख्खा धडा खर्चावा लागतो आणि तरीही तो चुकतो. मराठी विद्यार्थ्याने मनात इंग्रजी वाक्य न आणता मराठी आणले, तर त्याला ती समजावूनही सांगावी लागत नाही.

भूक, तहान, थंडी, भीती यांचेही तसेच. 'मिये फोआमे' म्हणजे मला भूक आहे. 'मिये सेते' म्हणजे तहान. 'मिये फ्रिग' म्हणजे थंडी वाजते. 'मिये दोर दे कासअ' या वाक्यातील 'दोर' या शब्दाबद्दल रुमानियन माणूस फार हळवा असतो. दुसऱ्या भाषेत त्याला प्रतिशब्दच नाही, असे तो सांगतो. घराची ओढ लागली आहे, जीव लागत नाही, आठवण येते, हे सारे त्या एका अक्षरसमूहात आहे. पहिल्या हिवाळ्यात वसतिगृहात बसलेल्या मुलाला हा शब्द आपोआप पाठ होतो.

आणि रुग्णालयातली वाक्ये. 'उन्दे व दोआरे?' कुठे दुखते तुम्हाला? 'म दोआरे कापुल', माझे डोके दुखते. डोळे दुखत असतील, तर पुन्हा क्रियापद बदलते, 'म दोर ओकी'. येथेही दुखणारा अवयव कर्ता आहे. 'दुखते' आणि 'दुखतात' हा भेद ज्याच्या जिभेवर आहे, त्याला 'दोआरे' आणि 'दोर' यांचे ओझे वाटण्याचे कारण नाही.

तीन लिंगे, पण तिसरे थोडे लबाड

हिंदीत लिंगे दोन, फ्रेंचमध्ये दोन, इटालियनमध्ये दोन. मराठीत तीन आहेत आणि रुमानियनमध्येही तीन. मराठीतले नपुंसकलिंग सरळ आहे; 'ते घर', 'ती घरे' अशी त्याची स्वतःची रूपे असतात. रुमानियन नपुंसकलिंगाकडे स्वतःचे काहीच नाही. ते एकवचनात पुल्लिंगाचे कपडे घालते आणि अनेकवचनात स्त्रीलिंगाचे. 'ओम' म्हणजे माणूस, पुल्लिंगी. एक चांगला माणूस 'उन ओम बुन', दोन चांगली माणसे 'दोय ओआमेन् बुन्'. 'फातअ' म्हणजे मुलगी. एक चांगली मुलगी 'ओ फातअ बुनअ', दोन चांगल्या मुली 'दोउअ फेते बुने'. आता 'स्काउन' म्हणजे खुर्ची. एक चांगली खुर्ची 'उन स्काउन बुन', माणसासारखी. पण दोन चांगल्या खुर्च्या 'दोउअ स्काउने बुने', मुलींसारख्या.

यातच दिसेल, की 'दोन' हा आकडाही लिंगाप्रमाणे बदलतो. 'दोघे' आणि 'दोघी' म्हणणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये. व्यंजनाने संपणारा निर्जीव वस्तूचा शब्द बहुधा नपुंसकलिंगी, 'अ'ने संपणारा बहुधा स्त्रीलिंगी, एवढ्या आडाख्यावर सुरुवात करता येते. तरीही वहीत शब्द उतरवताना एकटा उतरवू नये. एक खुर्ची, दोन खुर्च्या, ती खुर्ची अशी तीन रूपे एकाच ओळीत लिहावीत, म्हणजे लिंग आणि अनेकवचन दोन्ही एकदम पदरात पडतात. अनेकवचन करताना शब्दाच्या पोटातले स्वर-व्यंजन बदलतात, हे खरे कटकटीचे प्रकरण आहे. पुस्तक 'कार्ते', पुस्तके 'कर्त्स्'. रात्र 'नोआप्ते', रात्री 'नोप्त्स्'. टेबल 'मासअ', टेबले 'मेसे'. 'पाऊस' पण 'पावसात', 'विहीर' पण 'विहिरी' असे बोलणाऱ्यांनी यावर फार तक्रार करू नये. पण पाठ करावेच लागते, त्याला इलाज नाही.

'ती खुर्ची' म्हणताना रुमानियन भाषा निश्चितता दाखवणारे उपपद शब्दाच्या पुढे लावत नाही, मागे चिकटवते. तिच्या लॅटिन बहिणींत हे कोणी करीत नाही. 'ओम'चे 'ओमुल', 'फातअ'चे 'फाता', 'कासअ' (घर) याचे 'कासा', 'फ्राते' (भाऊ) याचे 'फ्रातेले'. 'चायुल'मधले 'उल' तेच. मराठी विभक्तिप्रत्यय असेच शब्दाच्या पाठीवर बसतात, त्यामुळे कानाला ते परके वाटत नाही. षष्ठीही तशीच चिकटते, फक्त क्रम उलटा होतो. 'घराचे दार' याऐवजी 'दार घराचे', 'उशा कासेय'. विशेषणही नामानंतर येते आणि शब्दयोगी अव्यय नामाआधी. 'घरात' म्हणायचे, तर आधी 'त', मग घर. ही उलटापालट सरावाने जाते.

शाळेत आठ विभक्त्या घोकलेल्यांना एक जुनी ओळख भेटेल, ती म्हणजे संबोधन. युरोपातल्या लॅटिनोद्भव प्रमुख भाषांत ते लोपले; रुमानियनने टिकवले. 'मुलगा' म्हणजे 'बयात', पण हाक मारताना 'बयेते!'. 'साहेब' हाक मारताना 'दोम्नुले'. सभेची सुरुवात 'दोआम्नेलोर शि दोम्निलोर' अशी होते. 'बंधूंनो आणि भगिनींनो' मधला 'नो' जे काम करतो, तेच येथे 'लोर' करते.

आदरार्थी बोलणे

'तू' म्हणजे 'तु'. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसासाठी 'दुम्न्यावोआस्त्रअ', आणि क्रियापद अनेकवचनी. या दोन्हींच्या मध्ये 'दुम्न्याता' हा एक जुना शब्द आहे, फार सलगीचा नाही आणि फार औपचारिकही नाही. तू, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या ज्याला ठाऊक आहेत, त्याला येथे काय बिघडू शकते ते लगेच कळेल. इंग्रजीच्या सवयीने रुग्णाला 'तु' म्हटले, तर म्हातारी बोलायचीच थांबेल. वयस्क बाईंना भेटताना 'सरुत मिना' म्हणण्याची रीत अजूनही आहे. शब्दशः अर्थ 'हाताचे चुंबन घेतो', पण बहुतेकदा ते नुसते म्हणायचे असते.

किमान शब्दांत 'बुनअ झिवा' (नमस्कार, दिवसाचा), 'मुल्त्सुमेस्क' (आभारी आहे), 'दा' (होय), 'नु' (नाही), 'नु इन्त्सेलेग' (समजत नाही) आणि 'वोर्बित्स् माय रार, व रोग' (कृपया जरा सावकाश बोला) हे असावेत. 'व रोग' म्हणजे 'विनंती करतो'. ते ऐकून कोणी दचकू नये. प्रश्नार्थक शब्द आपल्यासारखेच बहुतेक क आणि च यांनी सुरू होतात. काय 'चे', कोण 'चिने', कसे 'कुम', केव्हा 'किन्द', किती 'कित'. बाजारात 'कित कोस्तअ?' विचारताना मराठी माणसाला आपण भाषा बदलली आहे असे वाटणारही नाही.

आकडे असे आहेत : उनु, दोय, त्रेय, पात्रु, चिंच्, शासे, शाप्ते, ओप्त, नोउअ, झेचे. पाचाला 'चिंच' म्हणायचे, मात्र दोन्ही च चहातले. अकरा म्हणजे 'उन्स्प्रेझेचे', म्हणजे दहावर एक. वीस म्हणजे 'दोउअझेच्', दोन दहा. एकवीस म्हणजे 'दोउअझेच् शि उनु', वीस आणि एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद रंगला होता! रुमानियन पोर हेच जन्मापासून म्हणते. त्याला 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतला गोंधळ माहीत नाही. त्याऐवजी त्याला दुसरा एक नियम पाळावा लागतो. विसापासून पुढे आकडा आणि वस्तू यांत 'दे' घालायचे. एकोणीस लेय, पण वीस 'दे' लेय. 'लेउ' हे तिथले चलन. शब्दाचा मूळ अर्थ सिंह.

ओळखीचे चेहरे

शब्दसंग्रहात दोन प्रकारची नाती दिसतात. पहिले फार जुने. मराठी आणि लॅटिन एकाच मूळ घराण्यातल्या असल्याने 'नेपोत' म्हणजे नातू, 'फ्राते' म्हणजे भ्राता, 'दिन्ते' म्हणजे दात, 'नोउ' म्हणजे नवा, 'नुमे' म्हणजे नाव, 'वदुवअ' म्हणजे विधवा. गुडघा 'जेनुंक', त्यात 'जानु' दडला आहे. मित्राला 'प्रियेतेन' म्हणतात. तो स्लाव्ह भाषांकडून आलेला, पण 'प्रिय'च्याच कुळातला. मात्र प्रत्येक साम्य खरे नसते. पाणी म्हणजे 'आपअ', आणि संस्कृतातही 'आप'. तरी हा निव्वळ योगायोग आहे. रुमानियन 'आपअ' लॅटिन 'अक्वा'पासून झाला. तिथल्या 'क्व'चा 'प' होतो, म्हणूनच चार हे 'क्वात्तुओर'चे 'पात्रु' झाले.

दुसरे नाते बाजारातले आणि दरबारातले. फार्सी-अरबी शब्द पूर्वेला मराठीत आले आणि पश्चिमेला तुर्कीमार्गे रुमानियनमध्ये गेले. 'दुश्मान', 'मायदान', 'पिलाफ', 'हालवा' यांचे अर्थ सांगायला नकोत. 'मुसाफिर' म्हणजे तिथे पाहुणा. 'बाक्शिश' म्हणजे हॉटेलातल्या वाढप्याला द्यायची बक्षिसी. 'चोर्बअ' हे आंबूस सूप, आपल्या शोरब्याचे भावंड. 'केफ'मध्ये कैफ आहे, पण त्याचा अर्थ मौज किंवा मेजवानी. 'हाल' म्हणजे दैना, अगदी 'हाल झाले' मधले. आणि काहीच पत्ता नसेल, तर 'नाम हाबार', म्हणजे मला खबर नाही.

येथे एक गल्लत टाळलेली बरी. रुमानियन आणि रोमानी या वेगळ्या भाषा आहेत. रोमानी ही रोमा लोकांची भाषा, आणि ती मुळात भारतातून गेलेली. तिच्यात पाणी 'पानी', नाक 'नाख', कान 'कान' आणि माणूस 'मानुश'. रुमानियात रोमा समाज मोठा आहे आणि त्याला तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरी व अवहेलना सोसावी लागली. त्यांच्या भाषेतून रुमानियन बोलीत 'मिश्तो' (झकास) आणि 'बाफ्तअ' (नशीब) असे शब्द आले आहेत. 'बाफ्तअ'मधला बख्त आपल्या 'कमबख्त'मध्ये आहे. परीक्षेला जाणाऱ्याला तिथे 'बाफ्तअ!' म्हणून शुभेच्छा देतात.

उलट दिशेनेही ये-जा झाली आहे. रुमानियाचा राष्ट्रकवी मिहाय एमिनेस्कू याने एकोणिसाव्या शतकात बॉपच्या संस्कृत व्याकरणाचे रुमानियन भाषांतर हाती घेतले होते. त्याच्या कविता पुढे कोलकात्याच्या अमिता बोस यांनी बंगालीत आणल्या. त्यांनी बुखारेस्ट विद्यापीठात संस्कृत आणि बंगाली शिकवले.

पुण्यात रुमानियनचा वर्ग सहज सापडत नसला, तरी ड्युओलिंगोवर इंग्रजीतून तिचा अभ्यासक्रम आहे आणि 'डेक्स ऑनलाइन' हा मोठा शब्दकोश विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात शब्दाची सर्व रूपे तक्त्यात मिळतात. स्वतःची वही देवनागरीत ठेवावी, उच्चार इंग्रजी स्पेलिंगने लिहू नयेत.

कामासाठी जाणाऱ्याने शब्दांची निवड वेगळी करावी. रुमानियन कायद्यानुसार नोकरीचा करार लेखी आणि रुमानियन भाषेत करावा लागतो. दलालाने तोंडी सांगितलेले आणि कागदावर असलेले एकच आहे का, हे पाहायचे, तर दहा-बारा शब्द पुरतात. 'सालारियु ब्रुत' म्हणजे वजावटीपूर्वीचा पगार, 'सालारियु नेत' म्हणजे हाती पडणारा. आकडा कोणत्या शब्दापुढे लिहिला आहे, ते आधी पाहावे. 'ओरे' म्हणजे तास, 'झिले' म्हणजे दिवस, 'लुनअ' म्हणजे महिना, 'कोन्चेदियु' म्हणजे रजा, 'काझारे' म्हणजे राहण्याची सोय. 'फरअ' म्हणजे 'शिवाय', 'विना'. हा छोटा शब्द 'काझारे'च्या आधी असेल, तर खोलीचे भाडे स्वतःच्या खिशातून जाणार. संकटात 'आझुतोर!' ही हाक आणि ११२ हा क्रमांक.